दाजींचं गोठ्यातलं गणगोत

आमच्या घरात दाजींचा विषय कुणी मुद्दाम काढत नाही. जेवताना कुणीतरी ताक पातळ झाल्याची तक्रार करतो, आणि झालं! एक किस्सा निघाला की त्याला धरून दुसरा येतो. अंगणात गोवऱ्या रचून ठेवाव्यात तसं आहे ते. खालची एक ओढली की वरच्या चार अंगावर येतात.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. औशात, स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर. घर म्हणजे पुढं गोठा आणि त्याच्या मागं दोन खोल्या. पाहुण्याला आधी देवणी गायी-बैलांच्या रांगेतून जावं लागे, मग माणसं दिसत. मी तेव्हा एसटीत कंडक्टर होतो. ड्यूटी सुटली की गोठ्यात जाऊन बसायचो. नात्यानं मेहुणा, त्यामुळं चेष्टेचा पास मला जन्मभराचा मिळालेला!

*

अक्काच्या सोयरिकीच्या वेळची गोष्ट. आमचे वडील स्थळ बघायला औशाला गेले. दाजी गोठ्यातच बसलेले. वडिलांनी रीतीप्रमाणं विचारलं, "घरात माणसं किती?"

"अठरा," दाजी म्हणाले.

वडिलांचा चेहरा पडला. घरी अक्का म्हणजे काडीसारखी पोर. अठरा जणांच्या भाकरी रोज थापायच्या म्हणजे पोरीचे हात राहतील का? ते उठायच्या बेतात होते. शेवटी न राहवून म्हणाले, "पाव्हणं, एवढ्या भाकरी एकट्या पोरीला झेपायच्या न्हाईत."

"अठराच्या कशाला?" दाजी म्हणाले. "त्यातले चौदा जण कडबाच खातात की!"

वडील तिथंच हसत सुटले आणि सोयरीक ठरली. पुढं अक्का म्हणायची, "आईबाबांनी भाकरींचा विचार केला, शेणाचा कुणीच न्हाई केला."

*

लातूर जिल्हा झाला त्या दिवशी मी लातूरहून पेढे घेऊन आलो. गावात नुसता आनंद. आता उस्मानाबादला हेलपाटे नकोत, सगळी ऑफिसं जवळ! मी गोठ्यात उभा राहून हे सगळं दाजींना सांगितलं. ते एका बैलाच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होते.

"ऑफिसं येणार म्हणतोस. आन् पाऊस?"

"पावसाचा काय संबंध, दाजी?"

"मंग पेढा बैलाला दे," ते म्हणाले. "मला पाऊस आल्यावर दे."

तो पेढा खरंच बैलानं खाल्ला. पाऊस मात्र आला नाही. त्या वर्षी थोडा शिडकावा झाला, पुढच्या वर्षी तेवढाही नाही. जिल्हा नवा कोरा आणि आभाळ जुनंच, असं आम्ही म्हणायचो.

*

दाजींची एकुलती एक लेक शेवंता. तिचं लग्न कसं ठरलं, ते अजून कुणाला खरं वाटत नाही.

इस्लापूरकडचे एक शेतकरी मुलाला घेऊन बैल बघायला आले होते. किनवटकडचा जंगलाचा इलाका तो, तिथं सहस्रकुंडाचा धबधबा जवळ, पाण्याला तोटा नाही. त्यांना दाजींचा एक गोऱ्हा मनात भरला. दोन दिवस ते अडून बसले. दाजी काही केल्या देईनात.

"ह्याला मी हातावर वाढवलाय. लांबच्या गावाला धाडायचा न्हाई."

त्या दोन दिवसांत शेवंतानं पाहुण्यांना जेवू घातलं, आणि मुलाचं लक्ष गोऱ्ह्यावरून हललं. जाताना पाहुणे म्हणाले, "बैल ऱ्हाऊ द्या. लेक देता का?"

दाजींनी मुलगा पारखून घेतला. चालतो कसा, बोलतो कसा, जनावराजवळ उभा कसा राहतो. मग म्हणाले, "देतो."

अक्कानं आतून भांडं आपटलं. "गोऱ्हा लांब नको म्हणायलेत, आन् लेक चालती काय वो!"

लग्नात मुलीबरोबर एक कालवड मात्र त्यांनी न मागता दिली.

*

आता त्यांचा एक नेम सांगतो. आपल्याकडं जुन्या माणसांत पद्धत होती, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी बापानं खायचं-प्यायचं नाही. बहुतेक जण सवडीप्रमाणं पाळत. दाजींनी ती छातीशी धरली.

एकदा मी आणि दाजी इस्लापूरला गेलो. शेवंताच्या घरी जायच्या आधी ते स्टँडवरच्या हॉटेलात चहाला बसले. अर्धा कप झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "हॉटेल कुणाचं म्हणायचं?"

"तुमच्या जावयाच्या चुलतभावाचं!" पोऱ्या कौतुकानं म्हणाला.

दाजींनी कप खाली ठेवला.

"अवो, अर्धा तर पिलात," मी म्हणालो.

"अर्धा नकळत पिलो. उरलेला कळून कसा पिऊ?"

मी तेव्हा हसलो, पण शेवंताच्या दारात गेल्यावर माझं हसू गेलं. लग्नाला पाच वर्षं होऊन गेली होती आणि मूल होत नव्हतं. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, दाजी "नको बाई" म्हणाले, आणि ती तसाच भरलेला तांब्या घेऊन परत गेली. त्या एका "नको"मध्ये तिला काय ऐकू येत असेल, ते मला कळत होतं. मला फार वाईट वाटलं. दाजींना वाटत नसेल असं नाही, पण नेम म्हणजे नेम!

*

जिल्हा झाल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात औशात पाणी टँकरचं आणि कडबा सोन्याच्या भावाचा झाला. दाजींनी आधी साठवण संपवली, मग गोठ्यावरचं पाचटाचं छप्पर उतरवून जनावरांपुढं टाकलं.

अक्का म्हणाली, "आज गोठ्याचं छप्पर चारलंत, उद्या काय माझं लुगडं चारता?"

"सुती हाय का?" दाजींनी विचारलं.

हसण्यावारी नेलं तरी जनावरांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. गिऱ्हाईकं दारावर येऊन जात होती. दाजी त्यांना गोठ्यात शिरू देत नव्हते. पण विकायचं नाही तर जगवायचं कसं? रात्री जेवताना त्यांचा घास हातातच राहायचा.

तेव्हा शेवंताचा निरोप आला. इस्लापूरच्या गाडीचा कंडक्टर नांदेडला सांगायचा, नांदेडचा लातूरला, आणि लातूरहून तो माझ्याकडं यायचा. निरोप असा: "हितं गवत गुडघाभर हाय. जनावरं धाडून द्या."

दाजी म्हणाले, "लेकीच्या घरचं मी पाणी पीत न्हाई. माझ्या गायी कशा पितील?"

मी ते जसंच्या तसं उलट पाठवलं. दोन दिवसांनी लातूरचा कंडक्टर हसत हसतच खाली उतरला.

"तुमच्या भाचीनं सांगितलंय," तो म्हणाला, "कन्यादान आबांनी केलंय, गायींनी न्हाई!"

दाजींनी ते दोनदा म्हणायला लावलं. मग बराच वेळ ते चंद्री गाईच्या मानेखाली खाजवत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी ट्रक आला.

*

जनावरं तिकडं गेली तरी दाजींचा जीव कुठला राहतोय? जमेल तेव्हा ते इस्लापूरची वारी करत. हातात भाकरीचं गाठोडं आणि दुधाची मोठी किटली, पाण्यानं भरलेली.

अक्का कपाळाला हात लावायची. "टँकरचं पाणी धबधब्याला न्यायलेत. आगं बाई, काय म्हणावं ह्या माणसाला!"

एकदा मला सुट्टी होती, मी बरोबर गेलो. चैत्राचं ऊन. शेवंताच्या शेतात ओढ्याकाठी चौदाही जनावरं चरत होती, अंगानं भरलेली, कातडी चकचकीत. दाजींनी एकेकाच्या पाठीवर हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

मग आम्ही मोहाच्या झाडाच्या सावलीत जेवायला बसलो. शेवंता नेहमीप्रमाणं तांब्या घेऊन आली आणि थोडी लांब उभी राहिली. ती आग्रह करायची नाही. आज तिचा चेहरा उतरलेला होता. सकाळीच गावातल्या कुणा बाईनं तिला ऐकवलं होतं, "तुझा बाप तुझ्या हातचं पाणी पीत न्हाई, मंग तू कसली भरल्या घरची?" हे तिच्या सासूनं आम्हाला वाटेतच सांगितलं होतं, आणि सांगताना त्या बाईला दोन शिव्याही घातल्या होत्या.

दाजींनी किटलीचं झाकण काढलं. तेवढ्यात चंद्री आली. तिनं किटलीत तोंड घालायला बघितलं, ते आत शिरेना, म्हणून मान हिसडली आणि किटली आडवी केली. औशाचं सगळं पाणी मातीत गेलं.

मी म्हणालो, "घ्या! आता स्टँडपर्यंत कोरड्या घशानं चला."

दाजींनी आडव्या किटलीकडं पाहिलं, चंद्रीकडं पाहिलं, मग शेवंताकडं पाहिलं. सावकाश गाठोडं सोडलं, भाकरी काढल्या आणि चंद्रीपुढं धरल्या.

"खा. हे बी खा."

चंद्रीचं पोट गवतानं तट्ट भरलेलं. तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. दाजी उठले, त्यांनी तिचं शिंग धरलं आणि भाकरीचे तुकडे करकरून एकेक तिच्या तोंडात कोंबायला लागले. गाय मान सोडवत होती, दाजी घामाघूम झाले होते, आणि मी नुसता बघत होतो. शेवटचा तुकडा आत गेल्यावर त्यांनी हात झटकले आणि लेकीकडं वळले.

"शेवंता, ह्या जित्राबानं माझ्या वाट्याला कायच ठेवलं न्हाई बघ. घरात काय हाय का खायला?"