बुचं गोळा करणारे सदाबाबा

मुरुडच्या कोळीवाड्यातली ऋतिका समुद्राकाठच्या एका रिसॉर्टात जेवणघर सांभाळते. अलिबागला हॉटेलचा कोर्स केलेली, बोलणं स्वच्छ, वागणं नेटकं. वाइनच्या बाटलीचं बूच ती इतक्या सफाईनं काढते की पाहुणे हातातला घास थांबवून बघतात.

ती बुचं तिच्या सासऱ्यांना लागत. सदाबाबांचे गुडघे गेले, तशी त्यांनी मोठी होडी सोडली आणि किनाऱ्यालगत एक लहानसं जाळं लावायला घेतलं. तापल्या तारेनं बुचांना भोकं पाडून ती जाळ्याच्या वरच्या दोरीत ओवायची, म्हणजे जाळं तरंगतं. सून आणायला विसरली की ते स्वतःच रिसॉर्टवर हजर. कमरेला रुमाल, अंगात विरलेलं बनियन, हातात पिशवी.

"बाबा, मागल्या दारानं या ना," ऋतिका सांगायची.

"पुढलं दार जवल पडतं, पोरी," ते हसून म्हणायचे.

त्या दुपारी मुंबईचे दोघे भाऊ बायकांसह जेवायला बसले होते. दोन बाटल्या मागवल्या होत्या, एक बुचाची, एक फिरकीच्या झाकणाची, आणि वाद रंगला होता.

"बुचाशिवाय वाइन म्हणजे सरबत," थोरला म्हणाला.

"आणि बूच खराब निघालं की? अख्खी बाटली ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. झाकण दगा देत नाही."

"झाकण खोकल्याच्या औषधालाही असतं."

थोरल्याची बायको ऋतिकाकडे कौतुकानं बघत होती. "किती छान बोलतेस गं. तू इथली वाटतच नाहीस."

ऋतिका सुखावली. तेवढ्यात पायरीवर सदाबाबा दिसले, ओल्या पायांनी.

"बुचं हायत का?"

थोरल्याला भलताच आनंद झाला. "या काका, तुम्हीच सांगा, बूच बरं की झाकण?"

"बूच. झाकण बुडतं."

सगळे हसले. सदाबाबाही हसले. थोरल्याच्या बायकोनं ऋतिकाला हळूच विचारलं, "कोण गं हे?"

"कुणी नाही," ऋतिका म्हणाली. "बुचं गोळा करतात."

आवाज तिनं खाली ठेवला होता, पण सदाबाबांचे कान अजून शाबूत होते. त्यांनी पिशवीची घडी केली.

"येतो, मॅडम," ते तिला म्हणाले, आणि इमारतीला वळसा घालून मागल्या बाजूनं निघून गेले.

मागे धावावं असं तिला वाटलं. धाकट्यानं ग्लास पुढे केला. तिनं वाइन ओतली.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा सदाबाबा ओट्यावर बसून जुनी रबरी चप्पल कापत होते. गोल गोल तुकडे बाजूला पडत होते. सासू भागुबाई सुकट निवडत होती.

"बुचं न्हाय आणलीस?" सासूनं विचारलं. "बघ, चपला कापत बसलेत."

ऋतिका तोंड उघडणार, तोच सदाबाबा म्हणाले, "बुचं कुठली आता? सगल्या बाटल्यांना फिरकीची झाकणं आली. मी सोता बघून आलो."

आयुष्यात बाजारभावाबद्दलसुद्धा खोटं न बोललेला माणूस. ऋतिकाच्या पर्समध्ये कागदात गुंडाळलेली बुचं होती. तिला मान वर करवेना. गप्प राहिली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं, कुणाला काही कळलं नसतं.

तिनं बुचं काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"बुचं मिळतात, आई. तिथल्या बाईंनी विचारलं हे कोण, तर मी म्हटलं, कुणी नाही."

सुकटीतला भागुबाईचा हात थांबला. तिनं नवऱ्याकडे बघितलं. ते खाली बघून चप्पल कापत राहिले.

ऋतिका त्यांच्याजवळ बसली आणि दुसरी चप्पल उचलून धरायला गेली.

"राहू द्या," ते अगदी मायेनं म्हणाले. "तुमचे हात खराब होतील."