ठरावावरचा अंगठा

आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील कोरेगावच्या बाजारात हमाली करायचे, आई रोजंदारीवर घेवडा निवडायला जायची. साताऱ्यात एका संस्थेचं मोफत बोर्डिंग होतं, म्हणून मी बी.ए. झालो आणि पुढे फौजदार झालो. बोर्डिंगच्या अर्जावर आईनं अंगठा उठवला होता आणि शाई पदराला पुसत ती पटकन बाहेर निघून गेली होती. हे आधी सांगतो, कारण त्याशिवाय सांगलीतलं ठरावाचं ते प्रकरण मी हातचं का सोडलं नाही, हे कळणार नाही. आजही कुणी कोऱ्या कागदावर सही मागितली की ते प्रकरण जसंच्या तसं समोर उभं राहतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी नेमणूक सांगलीत होती. एके सकाळी हजेरी आटोपून बसलो होतो, तेवढ्यात कुपवाड रस्त्यावरच्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई आल्या. वसतिगृह एका धर्मादाय ट्रस्टचं.

"साहेब, परीक्षा संपली की मुलींनी सामान उचलायचं, अशी नोटीस लागलीय. जागा गोदामाला जायची आहे म्हणे. तीस मुली आहेत, बहुतेक जतकडच्या. एकदा घरी गेल्या की परत येणार नाहीत. घरचे लग्नं लावून मोकळे होतील."

परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

ट्रस्टच्या चिटणिसांना बोलावलं. ते स्वतःही विश्वस्त होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. ठरावांची वही त्यांनी स्वतःहून टेबलावर ठेवली. पाच विश्वस्तांची बैठक दोन महिन्यांपूर्वी झाली, वसतिगृह बंद करून जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायचं ठरलं, खाली चार सह्या आणि एक अंगठा. परवानगीचा अर्जही धर्मादाय कार्यालयात गेला होता.

"हे ट्रस्टचं काम आहे साहेब," ते हसून म्हणाले. "यात चोरी नाही, मारामारी नाही. तुम्ही उगाच दमताय."

बाकीच्या तीन विश्वस्तांना विचारलं. सही आमचीच, बैठकीचं काही आठवत नाही, असं तिघांनीही सांगितलं. खोदून विचारल्यावर रीत कळली. सुगीच्या दिवसांत कुणाला हेलपाटा नको, म्हणून चिटणीस स्कूटरवरून घरोघर जात, कोऱ्या सुट्या कागदांवर खाली सह्या घेत, मजकूर सवडीनं वर लिहीत आणि कागद वहीत चिकटवत. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. यात गैर काय, हेच त्या भल्या माणसांना कळत नव्हतं.

अंगठा होता आक्कांचा. जैन शेतकरी घरातल्या, सत्तरीच्या विधवा. वसतिगृहाची जागा त्यांनीच दिलेली. आपल्याला शाळा मिळाली नाही, निदान दुसऱ्यांच्या पोरींना मिळावी, एवढाच हिशेब. त्यांना ठाण्यात बोलावून ठराव दाखवला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"अंगठा माझाच हाय. ह्यो बगा इळ्याचा वण. पर बैठक झालीच न्हाई. माझ्या जागंतनं पोरींना हाकलायला मी अंगठा दीन व्हय?"

माझी पंचाईत झाली. अंगठा खरा म्हटल्यावर केस उरते कुठं? त्यांचा जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला आणि सवयीनं हवालदारांना म्हणालो, "पॅड द्या आक्कांना."

आक्कांनी पॅड परत सरकवलं. "आवं सायेब, पेन द्या. अंगठा सुटला माझा."

हवालदार म्हणाले, "आक्का, लय झोकात बोलताय. सही येती व्हय?"

"तुज्यापरीस बरी येती. लिव तू, मी वाचती."

आणि त्यांनी खरंच अक्षर अक्षर जुळवत जबाब वाचला. एका जागी हवालदारांनी गावाचं नाव चुकवलं होतं, ते दुरुस्त करायला लावलं. मगच सही केली. मोठ्या अक्षरांत, ओळ सोडून.

"आक्का, सही कवापासनं करताय?" मी विचारलं.

"दोन वरसं झाली. साक्षरतेच्या वर्गात शिकले. तवापासनं अंगठा कुणाला दिला न्हाई."

मी ठरावांची वही ओढली. मागच्या दोन वर्षांच्या प्रत्येक ठरावावर तीच मोठी, ओळ सोडलेली सही होती. अंगठा फक्त या एकावर. म्हणजे कागद दोन वर्षांहून जुना होता, मजकूर तेवढा नवा.

चिटणिसांना पुन्हा बोलावलं आणि यातलं काही बोललो नाही. बैठक अमुक तारखेला झाली, सगळ्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या, असं लिहून द्यायला सांगितलं. त्यांनी झोकात लिहून दिलं. मग मी वहीचं एकेक पान त्यांच्यासमोर उलटत गेलो. पाचव्या पानाला त्यांनी पाणी मागितलं.

"जुना उरलेला कागद होता," पेला खाली ठेवून ते म्हणाले. "नवा नेला असता तर मजकूर लिहूनच न्यावा लागला असता, म्हातारी हल्ली वाचल्याशिवाय सही करत नाही. तिला आता वाचता येतं, साहेब."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून पंचांसमक्ष वही जप्त केली, बनावट दस्तऐवजाचा गुन्हा नोंदवला आणि त्याच दिवशी रेक्टरबाई आणि आक्कांना वकिलाकडे पाठवून धर्मादाय कार्यालयात हरकत दाखल करायला लावली. गुन्हा आम्ही बघू, पण जागा वाचेल ती त्या हरकतीनंच, हे त्यांना स्पष्ट सांगितलं.

त्या प्रकरणानं मला एक शिकवलं. संस्था चालवणारी माणसं मनानं चांगली असतात आणि कागदाच्या बाबतीत भिडस्त. कागद वाचायला मागणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं, असं त्यांना वाटतं. निवृत्तीनंतर मला संस्थांची माणसं विचारायला येतात. मी सांगतो, बैठकीची नोटीस लेखी द्या आणि पोच ठेवा. ठराव बांधीव वहीत, बैठकीतच लिहा, वाचा, मग सह्या करा. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवा. ट्रस्टची जागा परवानगीशिवाय कुणालाही विकता येत नाही की लांब मुदतीनं देता येत नाही, हे प्रत्येक विश्वस्ताला माहीत असू द्या.

चिटणिसांना काढल्यावर नेमलेल्या नव्या विश्वस्त मंडळाच्या पहिल्या बैठकीला मला बोलावलं होतं. ठराव आक्कांनी वाचला. वीस मिनिटं लागली. कुणी घाई केली नाही.

परवानगीचा अर्ज फेटाळला गेला. परीक्षा संपल्यावर तीस मुली सुट्टीला घरी गेल्या आणि जूनमध्ये तीसच्या तीस परत आल्या.