येळवशीचं बोलावणं

येळवशीला आमच्या औरादेत कुत्रंसुद्धा गावात राहत नाही. हिवाळ्यातली ती वेळ अमावस्या. दुकानं बंद, माणसं शेतात. पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांची चिंच घातलेली भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे टोपल्यात घालून न्यायचं, कडब्याच्या कोपीत पूजा करायची आणि दिसेल त्याला हाका मारून जेवू घालायचं. ज्याला शेत नाही त्यानं दुसऱ्याच्या शेतात जायचं. आम्हाला शेत कधीच नव्हतं. पण त्याची मला लाज वाटली नाही, कारण माझ्या दोस्ताला होतं.

आम्ही पहिलीपासून एका बाकावरचे. येळवशीला तो सकाळीच मोटारसायकलवर यायचा. उतरायचा नाही. हॉर्नवर हात ठेवून बोंबलायचा, "निघायलास का न्हाई? का पालखी धाडू?" सगळी गल्ली ऐकायची. मी मुद्दाम सावकाश चपला घालायचो.

आदल्या दिवशी कोप आम्ही दोघं मिळून बांधायचो. मी बांधलेली बाजू दर वर्षी कलंडायची, आणि तो ती पुन्हा बांधताना माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. शिव्या आम्ही दख्खनीत द्यायचो. मराठीतली शिवी मनाला लागते.

आम्ही बौद्ध, घरात पूजा नाही. तो कोपीत पूजा करायचा तेव्हा मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून ओला हरभरा खात राहायचो. आतून ओरडायचा, "देव तुझे न्हाईत, भज्जी तर तुझी हाय का न्हाई?" मग पत्रावळीवर इतकं वाढायचा की उठताना मला त्याचाच हात धरावा लागे.

गेल्या पावसाळ्यात तो गेला. चाळिशीही गाठली नाही बेट्यानं. आधी कावीळ म्हणाले, बीदरला नेलं, मग हैदराबादला. शेवटच्या भेटीत मलाच म्हणाला, "तोंड कामून पाडलास? मी काय मरायलो का?" आणि मेला. खोटारडा! इतका राग मला जन्मात कुणाचा आला नव्हता. अजून येतो.

येळवस जवळ आली तसे लोक म्हणायला लागले, आमच्या शेतात या. मी सगळ्यांना फटकारलं. जायचं होतं ते एकाच शेतात, आणि तिथं जायची भीती वाटत होती. तो होता म्हणून मी त्या शेताचा होतो. आता मी तिथला कोण? माणूस गेलेलं घर वर्षभर सण करत नाही, तर मला बोलावणार कसं?

बायकोनं माझं तोंड दोन दिवस बघितलं आणि वैतागली. "त्यांच्यात कढई चढत न्हाई, पर बाहेरून आलेलं चालतंय की. इतकी वर्सं खाल्लाव, एकदा नेऊन घाला!" तिनं भज्जी जन्मात केली नव्हती. शेजारणीला विचारविचारून केली.

येळवशीला त्याच्या धुऱ्यावर गाडी लावली, टोपलं डोक्यावर घेतलं आणि ज्वारीतून चालायला लागलो. कोप नव्हती. बोरीखाली त्याचे वडील, आमचे अप्पा, बसले होते. वहिनी पलीकडं तुरीच्या शेंगा तोडत होती.

"अप्पा, बोलावल्याबिगर आलोय," मी म्हणालो.

अप्पा उठले. टोपलं उतरवून घेतलं, पहिले घास चारी अंगाला शेतात टाकले, मग वहिनीला हाक मारली. आम्ही जेवायला बसलो. पहिल्याच घासाला अप्पांनी डोळे मिटले. "कुनी केलीय ही भज्जी? चिंच पडलीच न्हाई हिच्यात." वहिनीला हसू फुटलं. तोंडाला पदर लावून हसता हसता ती रडायला लागली, आणि मग मलाही आवरेना. अप्पा मात्र जेवत राहिले. बिनचिंचेची ती भज्जी त्यांनी दोनदा मागून घेतली.

निघताना त्यांनी रिकामं टोपलं माझ्या हातात दिलं.

"पुढल्या साली आदल्या दिशीच ये. कोप बांधायचीय."

"व्हय अप्पा."

मी चार पावलं गेलो असेन. मागून पुन्हा आवाज आला.

"आन् वाट बघत बसू नको घरी. बोलवायला आता कोन येनार न्हाई. तू आपला ये."