शिरगावचा फाटा

पाव घेऊन आलेला पदेर भोंपू वाजवत होता, त्यामुळे पुतण्या फोनवर काय बोलतोय ते मला आधी कळलंच नाही. "काका, बाबा गेले..." दुसऱ्यांदा ऐकलं, आणि पावाच्या उंड्यांची पिशवी घेऊन मी डिचोलीच्या बाजारात तसाच उभा राहिलो. बाराव्याला सगळे म्हणाले, "सुटले. शेवटी देवीचीही आठवण उरली नव्हती त्यांना." मी मान हलवली. पण ते खरं नव्हतं.

दादा माझा थोरला भाऊ. सुर्ल्याला आयुष्यभर खनिजाचा ट्रक चालवला, आणि शिरगावच्या लईराईचा धोंड म्हणून दरवर्षी व्रत करून जत्रेत निखाऱ्यांवरून चालला. अलीकडे त्याची आठवण विरत चालली होती. डोक्याला चुंबकाचे ठोके देऊन स्मरणशक्तीला चालना देतात, चिरफाड नाही, भूल नाही, हे मी वर्तमानपत्राच्या एका पुरवणीत वाचलं. डॉक्टरांनी "खात्री देत नाही" असं स्पष्ट सांगितलं. रोज यावं लागेल, खाडा नको, म्हणाले. मीच हट्टाने त्याला म्हापशाला नेऊ लागलो.

ठोक्याची ताकद ठरवताना पहिल्या दिवशी त्याचा अंगठा आपोआप उडाला. "बाय, बॅटरी डाऊन आसा," तो तिथल्या मुलीला म्हणाला, "स्टार्टर मारून कितें जातलें? धक्को मार!" आम्ही हसलो. पण खुर्चीत डोकं धरून बसवलं की तो मला हळूच विचारायचा, "बाबल्या, माका केन्ना सोडटले रे?" कधी सोडणार, एवढंच.

जत्रा जवळ आली तसा तो धोंडांची रंगीत गोंड्यांची वेताची काठी घेऊनच गाडीत बसू लागला. वाटेत शिरगावचा फाटा आला की विचारायचा, "जात्रा केन्ना रे?" "फाल्यां," मी सांगायचो. उद्या. तेवढ्यात तो विसरायचा. एका सकाळी मात्र म्हणाला, "काल पण तुवें फाल्यांच सांगिल्लें." ठोक्यांमुळे की काय, मला सांगता येणार नाही, पण कालचं त्याला आठवलं होतं. ज्यासाठी एवढी धडपड केली तेच झालं होतं, आणि मी घाबरलो.

जत्रेच्या दिवशी फाट्यावर मोगऱ्याच्या माळा घातलेले धोंड रस्ता ओलांडत होते. दादाने दाराची मूठ ओढली. मी माझ्या बाजूचं बटण दाबून दारं लॉक केली. त्याने पुन्हा ओढली, पुन्हा... मग काठी मांडीवर आडवी ठेवली. त्यानंतर त्याने जत्रेचं नाव काढलं नाही. घरच्यांना वाटलं, विसरला.

एक खाडा पडला तर काय बिघडेल, हे मी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं.

काठी अजून गाडीतच आहे. पुतण्या मागतो; मी देतो म्हणतो, आणि देत नाही. म्हापशाला जाताना तो फाटा दिसला की माझा अंगठा आपोआप त्या बटणावर जातो.