तीन आजे

डोंगरात आजोबांकडे राहणाऱ्या अनाथ पोरीची गोष्ट माझ्या लेकीला तोंडपाठ आहे. त्या गोष्टीवरचे तीन सिनेमे तिनं यंदाच्या उन्हाळ्यात, ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये कूलरसमोर बसून आजीला दाखवले. आजी म्हणजे माझ्या सासूबाई, राजुऱ्याकडच्या.

पहिल्या, काळ्या-पांढऱ्या सिनेमातल्या आजोबांना त्यांनी नुसतं ‘आजा’ म्हटलं. दुसऱ्यात आजोबांची दाढी वेगळी, नाक वेगळं. म्हणून तो ‘मधला आजा’. तिसरा ‘लहाना आजा’. हे तिघे सख्खे भाऊ आणि नात पाळीपाळीनं तिघांकडे राहते, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. पोरगीही दर वेळी दुसरीच होती, पण ते त्यांना खटकलं नाही. वाढत्या वयात पोरी बदलतातच.

“अहो आई, आजोबा एकच आहेत, नट वेगळे!” मी वैतागून सांगितलं.

“असू दे न व,” म्हणत त्या सुपारी कातरत राहिल्या.

तिसऱ्या सिनेमातही मावशीनं पोरीला शहरात परक्यांच्या घरी नेऊन सोडलं, तेव्हा मात्र त्यांचा अडकित्ता थांबला.

“तीन तीन आजे जिते असून लेकराले दुसऱ्याच्या घरी काऊन धाडलं व?”

मी उठले आणि कूलरमध्ये पाणी टाकलं.