साक्षगंधाची साखर

आमच्या अकोल्याच्या घरात माझा आजार बारा वर्षं झाकून ठेवला होता. सहावीत असताना मला शुगर झाली. ‘गोड लय खाल्लं आसंल’ असं दुसऱ्या कुणाच्या शुगरबद्दल म्हणणाऱ्या प्रत्येक मावशीला मी मनातल्या मनात चांगलं झोडपून काढलं आहे. गोडाचा इथे काडीचा संबंध नाही. तुमच्या पोटात, जठराच्या मागे, स्वादुपिंड बसलेलं असतं. घास पोटात गेला, रक्तात साखर वाढली, की ते लागेल तेवढंच इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन पेशींची दारं उघडतं, साखर आत जाते, उरलेली यकृतात साठते. रक्तातली साखर उतरायला लागली की स्वादुपिंड हात आखडतं आणि यकृत साठ्यातली थोडी परत सोडतं. तुम्हाला यातलं काही कळतही नाही. माझ्या शरीराने मात्र इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी स्वतःच मारून टाकल्या. म्हणून ते काम मी करते, जेवणाआधी, अंदाजाने, सुईने. आणि टोचलेलं इन्सुलिन मागे घेता येत नाही. ताट समोर येवो न येवो, ते साखर उतरवतच राहतं.

मोठ्या बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं तेव्हा आईने मला बजावलं, “पाव्हण्याइसमोर सुई काढू नको वं. एकीले हाय त दुसरीलेबी आसंल, म्हन्तीन लोकं.” मी ऐकलं. ऐकलं याचा मला अजून राग येतो.

अचलपूरचे पाहुणे बारा वाजता आले. पंगत लगेच बसणार होती. पाहुणे जेवल्याशिवाय मुलीकडच्यांनी घास घ्यायचा नाही अशी आमच्याकडची रीत, म्हणून मी स्वयंपाकघरात गुपचूप दोन पोळ्या खाऊन घ्यायच्या, असं ठरलं होतं. मी बाथरूममध्ये जाऊन सुई घेतली. बाहेर येते तो नवरदेवाच्या आत्याने फर्मान काढलेलं: आधी अंगठी, ओटी, मग जेवणं. आणि तोवर पाहुण्या बायका स्वयंपाकघरात ठाण मांडून बसलेल्या.

पाऊण तास गेला. मला दरदरून घाम फुटला, बोटं थरथरायला लागली. आई कानाशी पुटपुटली, “थांब ना वं माय जराशी.”

माझ्या पर्समध्ये साखरेची पुडी होती. ती घेऊन पुन्हा बाथरूममध्ये जायचं, चोरासारखं? माझं डोकंच फिरलं. समोरच्या ताटात पाहुण्यांनी आणलेला साखरेचा पुडा होता, बहिणीच्या ओटीत घालायचा. मी तो फाडला आणि सगळ्यांच्या मधोमध फतकल मारून मूठभर साखर तोंडात कोंबली.

“काहून वं पोरी, ओटीची साखर खाऊन राह्यली?” आत्या ओरडली.

“उपास हाय तिचा...” आईने सारवासारव केली.

“उपास नाई,” मी भरल्या तोंडाने म्हणाले. “मले शुगर हाय. सुई घेतली म्या, अन् जेवन तुमी अडवून ठेवलं. हे खाल्लं नाई त इथंच पडीन.”

आत्याने माझ्यावरची नजर काढून बहिणीवर ठेवली.

“अन् हिले?”

याच एका प्रश्नाच्या धाकाने मी बारा वर्षं कड्या लावून सुया घेत आले होते. आता लग्न मोडतं, असं मला वाटलं, आणि तरी मूठ पुड्यातून निघेना.

बहीण पाटावरून हललीही नाही. “मले नाई,” ती म्हणाली. “उद्या झाली त मीबी घेईन सुई, तुमच्या घरात, सगळ्याइसमोर. पटत नसंल त पुडा वापस घेऊन जा. अर्धा उरला हाय.”

नवरदेवाला हसू आलं. त्याच्या आईला आलं नाही, पण ती उठून आमच्या आईला म्हणाली, “पोरीले जेवू घाला आदी.”

मग पाहुण्यांच्या आधी, त्यांच्या देखत, आईने माझ्या ताटात पोळी वाढली. मी मान वर करून म्हणाले, “आखीन एक दे.”