संघात नसलेल्या मुलाची मिरवणूक

"ही बातमी खोटी आहे. खुलासा छापा."

वृत्तपत्राच्या कार्यालयात हे वाक्य नवीन नाही. खुलासा म्हणजे छापलेल्या बातमीतली चूक दुरुस्त करणारा छोटा मजकूर. तो मागायला पुढारी येतात, ठेकेदार येतात, बदली झालेले अधिकारी येतात. त्या दुपारी टेबलासमोर दहावीची परीक्षा दिलेला एक मुलगा उभा होता, आणि बातमी त्याच्या कौतुकाची होती.

त्याला इथे श्रीधर म्हणू. गाव मोडनिंब. वडिलांचं हायवेला टायरचं दुकान. तो शिकायला सोलापुरात शुक्रवार पेठेत मामाकडे राहत होता. मामा सोबत आले होते, पण दोन पावलं मागे, चप्पल काढून उभे होते.

मी सोलापूर आवृत्तीत शिक्षणाच्या बातम्या करतो. ही बातमी मात्र माझ्याकडून गेली नव्हती. श्रीधर ज्या खासगी क्लासला जात होता, त्या क्लासची प्रेसनोट आली होती. प्रेसनोट म्हणजे एखाद्या संस्थेने स्वतःबद्दल स्वतःच लिहून पाठवलेली बातमी. पानं लावणाऱ्या आमच्या डेस्कने ती जशीच्या तशी लावली. शीर्षक होतं, 'सोलापूरच्या श्रीधरची भारतीय गणित संघात निवड'.

"निवड झाली नाही का?" मी विचारलं.

"शिबिरात झाली. संघात नाही. संघ अजून ठरलेलाच नाही."

ही रचना समजून घ्यायला हवी. शाळकरी मुलांची आंतरराष्ट्रीय गणित स्पर्धा असते, तिला ऑलिम्पियाड म्हणतात. प्रत्येक देश सहा मुलं पाठवतो. आपल्याकडे विभागीय परीक्षा, मग राष्ट्रीय परीक्षा, आणि त्यातून वर आलेल्या मुलांचं उन्हाळ्यात मुंबईत शिबिर. शिबिरात पुन्हा परीक्षा होतात आणि शेवटी सहा जण निवडले जातात. श्रीधर शिबिरापर्यंत पोहोचला होता. आमच्या जिल्ह्यातून तिथवर जाणारं दुसरं मूल मला आठवत नाही. जे खरं होतं तेच पुरेसं मोठं होतं.

"शिबिरातली मुलं नेटवर माझं नाव शोधणार," तो म्हणाला. "त्यांना ही बातमी दिसेल. तिथल्या सरांना दिसेल. निवड व्हायच्या आधीच मी निवडलो गेलो म्हणून सांगत फिरतोय, असं वाटेल."

मामा तेव्हा पुढे आले. "साहेब, पोराचं ऐकू नका. छापू नका काही. मोडनिंबात रविवारी मिरवणूक ठरलीय. हलगीवाल्यांना सांगून झालंय. फ्लेक्स लागल्यात."

"मामा, फ्लेक्स चुकीचा आहे."

"तुझ्या आजोबांचा फोटो आहे त्याच्यावर. काढायला लावतो का आता?"

मी आवृत्तीप्रमुखांकडे गेलो. बिराजदार साहेबांनी बातमी पाहिली, प्रेसनोट पाहिली.

"प्रेसनोट कोणाची?"

"क्लासची."

"मग खुलासा क्लासनं मागायचा. पोरानं नाही. उद्या प्रत्येक जण येईल, माझं कौतुक जास्त झालं म्हणून."

"तसं आजवर कोणी आलं नाही, साहेब."

"येणारही नाही. क्लासला फोन लाव."

क्लासचे मालक कोळेकर सर फोनवर खूश होते. "अहो, शिबिर म्हणजे जवळजवळ संघच की. आपलं पोरगं सहात बसणारच. कशाला खुलासा करता? महिन्याभरात बातमी आपोआप खरी होईल."

"आणि नाही झाली तर?"

"तुम्ही पत्रकार लोक ना, लई निगेटिव्ह."

खुलासा छापला गेला नाही. मी साहेबांकडून एवढंच मिळवलं, की मिरवणुकीची बातमी मी करीन आणि तिच्यात 'शिबिर' हा शब्द असेल.

रविवारी मोडनिंबात गेलो. हायवेपासून गावापर्यंत फ्लेक्स. मधोमध श्रीधर, मागे तिरंगा, खाली शुभेच्छुकांचे फोटो. शुभेच्छुकांमध्ये कोळेकर सरांचा फोटो श्रीधरपेक्षा थोडा मोठा. उघडी जीप झेंडूच्या माळांनी सजवलेली. श्रीधर जीपपाशी उभा होता आणि चढत नव्हता.

वडील त्याला समजावत होते. "आता बस. लोकं खोळंबल्यात."

"दादा, ते खरं न्हाय."

"पेपरात छापलंय न्हवं?"

"छापलंय ते चुकीचंच छापलंय."

"मग पेपरवाल्याचं चुकलं. तुझं काय चुकलं? बस."

वडिलांनी काखेत हात घालून त्याला जीपमध्ये चढवलं. हलगी सुरू झाली. वाटेत बायकांनी ओवाळलं. शाळेसमोरच्या मांडवात सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. कोळेकर सर पंधरा मिनिटं बोलले. मग माइक श्रीधरकडे आला.

तो सरळ बोलला. "माझी भारतीय संघात निवड झालेली नाही. मी फक्त शिबिराला जाणार आहे. तिथं माझ्यापेक्षा हुशार मुलं आहेत. पेपरात आणि फ्लेक्सवर आलंय ते चुकीचं आहे."

मांडवात टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात.

माझ्या शेजारचा म्हातारा डोळे पुसत होता. "बगा की. एवडं मोटं झालं, पन गर्व न्हाय."

"लई साधं पोरगं हाय," त्याच्या पलीकडचा म्हणाला.

कोळेकर सरांनी माइक परत घेतला. "हे संस्कार! ही नम्रता आपल्या क्लासमध्ये शिकवली जाते."

श्रीधर खुर्चीत बसला होता. फेटा डोळ्यांवर आला होता, तो त्याने सावरला नाही.

मी त्याची वाक्यं जशीच्या तशी लिहिली, पहिल्या परिच्छेदात. बातमी खालून कापली जाते, म्हणून महत्त्वाचं वर लिहायचं असतं. मजकूर पूर्ण छापून आला. त्यावर डेस्कने शीर्षक दिलं, 'भारतीय संघातील श्रीधरच्या नम्रतेने जिंकली मने'. वाचक आधी शीर्षक वाचतात. बरेचसे पुढे जात नाहीत.

शिबिर झालं. सहा नावं जाहीर झाली. त्यात श्रीधर नव्हता.

यात विशेष काही नव्हतं. शिबिरातली बहुतेक मुलं संघात जात नाहीत. पण मोडनिंबाच्या माहितीप्रमाणे त्यांचा मुलगा संघात होता आणि आता नव्हता. म्हणजे कोणीतरी त्याला काढलं होतं. दुसऱ्या एका दैनिकाने बातमी केली, 'श्रीधरला संघातून वगळले, जिल्ह्यात संताप'. एका पुढाऱ्याने तहसीलदारांना निवेदन दिलं. ग्रामीण भागातल्या मुलावर अन्याय झाला, निवडीची चौकशी करा. निवेदनासोबत पुरावा म्हणून आमच्या दोन्ही बातम्यांची कात्रणं जोडली होती. प्रत मुंबईला, शिबिराच्या आयोजकांकडे गेली.

बिराजदार साहेबांनी निवेदनाची प्रत वाचली आणि माझ्याकडे सरकवली. "आता कर खुलासा."

तो आतल्या पानावर, बाजारभावाशेजारी, सहा ओळींत छापला गेला. कोळेकर सरांचा फोन आला. तयारी आम्ही पूर्ण करून घेतली होती, मुलाच्या घरचं वातावरण कमी पडलं, असं छापा म्हणाले. ते छापलं नाही. पंधरवड्यात क्लासच्या दारावरचा फ्लेक्स उतरला आणि दुसऱ्या परीक्षेतल्या दुसऱ्या मुलाचा लागला.

मी शिबिराशी संबंधित एका प्राध्यापकांना फोन केला. निवेदन पोहोचलं होतं. मला वाटलं, ते चिडले असतील.

"ज्याला घेतलंच नव्हतं, त्याला काढणार कसं?" ते म्हणाले. "राहू दे. असं होतं. त्या मुलाला सांगा, पुढच्या वर्षी परत बस. वय आहे त्याचं. भूमितीच्या एका गणिताचं त्याचं उत्तर आम्ही सगळ्यांनी पुन्हा वाचलं. तसा मार्ग आमच्यापैकी कोणाला सुचला नव्हता."

"हे निवेदन त्याच्या आड येईल का?"

"तपासताना उत्तरपत्रिकेवर नाव नसतं."

हा निरोप घेऊन मी शुक्रवार पेठेत गेलो. श्रीधर माळवदावर वाळत घातलेले कपडे काढत होता. मी सगळं सांगितलं. भूमितीच्या उत्तराबद्दल ऐकताना त्याने हातातला शर्ट खाली ठेवला. कुठला बिंदू, कुठलं वर्तुळ, हे तो मला समजावू लागला. मला कळलं नाही. बऱ्याच वेळाने तो थांबला.

"मग बसशील ना पुढच्या वर्षी?"

"नाही."

"का?"

"दोन केस आहेत," तो म्हणाला. गणितं सोडवताना ही मुलं अशीच बोलतात. शक्यता वेगळ्या करायच्या आणि एकेक तपासायची. "समजा निवड झाली. मग लोक म्हणणार, निवेदन दिलं, दबाव आणला, म्हणून घेतलं. समजा नाही झाली. मग म्हणणार, परत काढलं, आणि परत निवेदन. दोन्हीकडे माझं गणित कुठंच नाही."

"लोकांचं सोड."

"मी सोडलं होतं, काका. मांडवात माइकवर सांगितलं होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या."

मामा चहा घेऊन वर आले. चहा पिऊन मी निघालो.

तो पुढच्या वर्षी बसला नाही. कोणी अडवलं नव्हतं. अर्ज भरायची मुदत संपेपर्यंत मामा त्याच्या मागे लागले होते, एवढं कळलं. बारावीनंतर त्याने सोलापुरातच इंजिनिअरिंग केलं. आता तो पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो.

मागच्या वर्षी मी ऑलिम्पियाडच्या शिबिरापर्यंत पोहोचलेल्या मुलांचं पुढे काय झालं यावर एक लेख केला. त्याच्या शिबिरातल्या काहींशी बोललो. एक जण परदेशात संशोधन करतो. एक शेअर बाजारासाठी गणिती मॉडेल बनवणाऱ्या कंपनीत आहे. एक मुलगी श्रीधरसारखीच त्या वर्षी बाहेर राहिली होती. ती पुढच्या वर्षी पुन्हा बसली, पुन्हा बाहेर राहिली, आणि आज विद्यापीठात गणित शिकवते. तिला विचारलं, दोनदा अपयश आलं, त्याचं काय वाटलं? "घरी फारसं कोणाला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "त्यामुळे सोपं गेलं."

श्रीधरला फोन केला तेव्हा त्याने लेखात यायला नकार दिला. गणित करतोस का, असं विचारलं. "नाही," म्हणाला. मग ऑफिसची मीटिंग आहे सांगून फोन ठेवला.

हरलेल्या मुलाला पुढच्या वर्षी बसता येतं. गावाच्या लेखी श्रीधर हरला नव्हता, त्याला काढलं होतं. काढलेला माणूस परत जाऊन बसत नाही.

आता शिबिरासाठी निवड झाल्याची प्रेसनोट आली, की मी संघाची सहा नावं जाहीर होईपर्यंत ती बाजूला ठेवतो. तोवर बाकीच्या पेपरांत ती छापून आलेली असते.